आपल्या मापाची ओढ



मी शिलाई करते. गेली अठरा वर्षं आमच्या वाडीतल्या बायकांचे ब्लाऊज माझ्याच मशीनवर शिवले जातात. कुणी आली आणि म्हणाली, "ताई, माप राहू दे, शेजारणीच्या मापानेच शिव," तर मी शिवेन का? नाही शिवणार. एकीच्या काखेत काचेल, दुसरीच्या खांद्यावरून उतरेल. हे मला समजायला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि तरीही माझ्या घरातल्या पोरीच्या हातात मी दुसऱ्याच्या मापाचा तीरकमठा दिला. आजचं बोलणं त्याबद्दल आहे.

आपल्या सातारा जिल्ह्यात धनुर्विद्येचं वेड गेल्या काही वर्षांत वाढलंय. आपल्याच जिल्ह्यातली अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. अंतिम सामन्यात तिने दीडशेपैकी एकशे एकोणपन्नास गुण घेतले. ही बातमी आली आणि वाड्यावाड्यांतल्या मुली बांबू वाकवायला लागल्या. आमच्या गटातही ठराव झाला, की मुलींच्या सरावासाठी थोडे पैसे काढायचे.

माझी पुतणी तेरा वर्षांची. तिचा थोरला भाऊ आधीपासून शिकत होता, त्याचं बांबूचं धनुष्य घरात होतं. म्हटलं, नवीन कशाला, आहे तेच वापरेल. पहिल्या आठवड्यातच पोरीचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा झाला. बाण पंधरा पावलांवर जाऊन माती खायचा. भाऊ म्हणायचा, "पूर्ण ओढ ना! बाणाचं टोक मुठीपाशी येईपर्यंत ओढायचं." ती मान मागे टाकून, कंबर वाकवून, दात खाऊन ओढायची. आणि मी, तिची काकू, ओट्यावर बसून म्हणाले, "तुझ्यात ताकदच नाही गं."

ते वाक्य माझ्या मनाला अजून टोचतं. कारण ताकदीचा प्रश्नच नव्हता, प्रश्न होता मापाचा. तालुक्याच्या मैदानावरच्या सरांनी पहिल्याच दिवशी तिला बघून विचारलं, "हिची ओढ मोजली का?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. माहेरची ओढ माहीत होती, ही कोणती?

ओढ म्हणजे काय

धनुष्य डाव्या हातात धरलं, दोरीला बाण लावला आणि उजव्या हाताने दोरी मागे आणून हनुवटीपाशी किंवा ओठाच्या कोपऱ्याशी थांबवली. आता धनुष्याच्या मुठीपासून दोरीपर्यंत जेवढं अंतर झालं, ती तुमची ओढ. खेळाडू तिला ड्रॉ लेंग्थ म्हणतात आणि इंचांत मोजतात. ती तुमच्या हाताच्या लांबीवर, खांद्याच्या रुंदीवर आणि तुम्ही दोरी कुठे आणून थांबवता यावर ठरते. मनाने वाढवता येत नाही. ज्याचे हात लांब, त्याची ओढ जास्त.

एक गोष्ट आधी नीट समजून घेऊ. बाण आपला हात फेकत नाही, धनुष्य फेकतं. आपण ओढतो तेव्हा आपली मेहनत वाकलेल्या बांबूत साठते. दोरी सोडली की बांबू सरळ व्हायला धावतो आणि ती साठवण बाणाला देतो. आपल्या बचत गटासारखंच आहे. जेवढं जमा केलं, तेवढ्यातूनच मिळणार. थोडं खर्चात जातं, म्हणजे धनुष्याच्या स्वतःच्या हलण्यात, दोरीच्या थरथरण्यात आणि आवाजात. बाकीचं बाणाच्या वेगात उतरतं.

आता ही जमा किती होते? ती दोन गोष्टींवर ठरते. किती जोराने ओढलं, आणि किती लांबपर्यंत ओढलं. ओढ वाढली की या दोन्ही गोष्टी एकदम वाढतात. कारण धनुष्य जसजसं वाकतं तसतसं जड होत जातं. पहिला इंच हलका, शेवटचा इंच जड.

आपण हिशेब करून बघू. धनुष्याची ताकद पौंडांत सांगतात. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. आमच्या पुतण्याच्या धनुष्यावर लिहिलंय, चोवीस पौंड, अठ्ठावीस इंचाला. म्हणजे अठ्ठावीस इंच ओढलं की हाताला चोवीस पौंडांचा, म्हणजे जवळजवळ अकरा किलोचा भार येतो. दोरी नुसती चढवून ठेवली तरी ती मुठीपासून सातेक इंचांवर असते. म्हणून खरं ओढणं झालं एकवीस इंचांचं.

पुतणीची ओढ निघाली चोवीस इंच. त्यातून ते सात वजा करा, राहिले सतरा. तेच धनुष्य सतरा इंच ओढलं की हाताला भार येतो साधारण एकोणीस ते वीस पौंडांचा. भार कमी, वर ओढण्याचं अंतरही कमी. दोन्हींचा एकत्र हिशेब केला तर भावाच्या ओढीला शंभर रुपये जमा होत असतील, तिथे बहिणीच्या ओढीला साधारण पासष्ट रुपये होतात. ओढ कमी झाली फक्त सातव्या हिश्श्याने, पण साठवण कमी झाली एक तृतीयांशाने. धनुष्य तेच, बाण तोच, आणि पोरीने काहीही चूक केलेली नाही.

म्हणून दुकानात धनुष्यावरचा आकडा वाचून फसू नका. पौंडांचा आकडा बहुतेक अठ्ठावीस इंचांच्या ओढीचा असतो. आपल्या वाडीतल्या तेरा-चौदा वर्षांच्या बहुतेक मुलींची ओढ त्यापेक्षा कमी असते. दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारायचा, "हे पौंड किती इंचांना?"

मग जास्त ओढलं तर?

तुम्ही म्हणाल, मग पोरीने जोर करून अठ्ठावीस इंच ओढावं, म्हणजे पूर्ण शंभर रुपये जमा होतील. आम्ही नेमकं तेच करायला लावत होतो. भावाचा बाण अठ्ठावीस इंचांचा, आणि तो म्हणायचा टोक मुठीपाशी येऊ दे.

चोवीस इंचांच्या हाताने अठ्ठावीस इंच कसे ओढायचे? शरीर मग कुठून तरी ते चार इंच उसने आणतं. धनुष्य धरलेला हात ताठ होतो, कोपर आतल्या बाजूला वळतं, खांदा वर चढून दोरीच्या वाटेत येतो. मान आणि पाठ मागे जाते. दोरी सुटली की ती सरळ जायच्या वाटेवर हाताचं मांस येतं आणि फटका बसतो. आमच्या पोरीच्या हातावरचे काळेनिळे डाग त्या चार इंचांचे होते. फटक्याची भीती बसली की पुढच्या वेळी दोरी सोडतानाच हात दचकतो, आणि बाण भलतीकडे जातो. वाढत्या वयातल्या खांद्याला हा ताण रोज दिला तर दुखणं मागे लागतं, ते वेगळंच.

हे झालं अंगाचं. धनुष्याचंही तसंच असतं. त्यालाही त्याची ओढ असते.

बांबूचं धनुष्य घडवणारा कारागीर कसं काम करतो, ते कधी मिळालं तर बघा. तो बांबू तासतो, हलकी दोरी लावतो आणि थोडंच ओढून लांबून न्याहाळतो. जिथे बांबू कमी वाकतोय तिथे तासतो. जिथे जास्त वाकतोय तिथे हात लावत नाही. मग आणखी एक इंच ओढतो, पुन्हा बघतो. असं इंचाइंचाने त्या बांबूला वाकायला शिकवत नेतो आणि ठरलेल्या ओढीला थांबतो. चोवीस इंचांना थांबला असेल तर ते धनुष्य चोवीस इंचांचंच. पंचविसावा इंच त्याने कधी पाहिलेला नाही.

वाकलेल्या धनुष्याची बाहेरची, म्हणजे निशाणाकडची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू दाबली जाते. बांबूची बाहेरची कडक साल ताण सोसायला फार चांगली, म्हणून कारागीर ती जपतो. पण सोसण्यालाही मर्यादा आहे. मर्यादेपलीकडे ओढलं तर एखादा तंतू उठतो, आतल्या बाजूला बारीक सुरकुत्या पडतात आणि एके दिवशी धनुष्य हातातच कडकन मोडतं, तोंडासमोर. म्हणून दुसऱ्याचं धनुष्य हातात आलं की गंमत म्हणून "बघू किती वाकतंय" असं कधीही करू नये.

मोडलं नाही तरी आखूड धनुष्य जास्त ओढण्यात फायदा नसतो. ओढता ओढता एक वेळ अशी येते, की दोरी आणि धनुष्याचं टोक यांच्यातला कोन काटकोनाकडे जातो. तिथून पुढे आपला जोर टोकाला वाकवण्यात कमी आणि नुसतं ताणण्यात जास्त जातो. आधी इंचामागे एक-सव्वा पौंड वाढत होता, तो अचानक भराभर वाढायला लागतो. दोरी बोटांना चिमटे काढते. हाताला वाटतं खूप काही जमा होतंय, पण मेहनतीच्या मानाने पदरात कमीच पडतं. धनुष्य असं एकाएकी जड झालं, की समजायचं, ते आपल्या ओढीला आखूड पडतंय.

साध्या बांबूच्या किंवा लाकडाच्या धनुष्याचा ढोबळ नियम असा, की ते आपल्या ओढीच्या दुपटीपेक्षा जास्त लांब हवं. वाकणारा भाग ओढीच्या दुप्पट, त्यावर दहावा हिस्सा आणखी, आणि मूठ ताठ असेल तर तिची लांबी वेगळी. चोवीस इंचांची ओढ असेल तर चोवीस दुणे अठ्ठेचाळीस, वर पाच, म्हणजे त्रेपन्न इंच, आणि मुठीचे वेगळे. म्हणजे माझ्या पुतणीला साधारण पाच फुटांचं धनुष्य पुरतं. तिच्या भावाला त्याहून लांब हवं.

आमच्या गटातल्या एका वहिनींनी विचारलं होतं, "मग टीव्हीवर ते जपानी लोक कानामागेपर्यंत कसं ओढतात?" चांगला प्रश्न आहे. त्यांचं धनुष्य बघा केवढं असतं. सात फुटांहून लांब, माणसापेक्षा उंच. म्हणून ते कानामागेपर्यंतची ओढ सहज सोसतं. उलट, जुन्या काळी तुर्कस्तानात घोड्यावरून वापरायची धनुष्यं चार फुटांच्या आसपास असायची, तरी ती पूर्ण हातभर ओढली जायची. ती नुसत्या लाकडाची नव्हती. आतल्या बाजूला शिंग, कारण शिंग दाब सोसतं. बाहेरच्या बाजूला जनावराच्या पायातल्या चिवट शिरांचे तंतू, कारण ते ताण सोसतात. मधे लाकूड, आणि सगळं सरसाने चिकटवलेलं. म्हणजे एकतर लांबी वाढवा, नाहीतर सामान बदला. आखूड साध्या बांबूकडून लांब ओढ मागितली, तर तो देणार नाही.

अदिती स्वामी ज्या कंपाउंड धनुष्याने खेळते, त्याला टोकांना चाकं असतात. त्या धनुष्याची ओढ चाकांवरच बसवलेली असते. दोरी ठरल्या जागी आली की पुढे जातच नाही, भिंतीला टेकल्यासारखी थांबते. त्यामुळे प्रत्येक खेळाडूचं धनुष्य तिच्या हाताप्रमाणे बसवून घ्यावं लागतं. जगज्जेतीचं धनुष्यही मापानेच असतं. मग आपल्या पोरींनी मापाचं मागितलं, तर ते कौतुक नव्हे, गरज आहे.

माप कसं घ्यायचं

आता माझ्या कामाची गोष्ट. घरातली शिलाईची टेप घ्या. मुलीला भिंतीला पाठ लावून उभी करा. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत सरळ पसरायला सांगा, ताणून नाही, सहज. एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माप घ्या. जे इंच येतील त्याला अडीचने भागा. तीच अंदाजे ओढ.

पुतणीचं माप आलं साठ इंच. साठ भागिले अडीच, चोवीस. तिच्या भावाचं सत्तर, म्हणजे अठ्ठावीस. शेजारच्या घरातली एक उंच मुलगी आहे, तिचं सहासष्ट, म्हणजे साडेसव्वीसच्या थोडं खाली. मी माझंही घेतलं. बासष्ट, म्हणजे पंचविसाला जरा कमी. भागाकार जमत नसेल तर मापाला चारने गुणा आणि दहाने भागा, तेच उत्तर येतं.

हा अंदाज झाला. खात्री करायला एक अगदी हलकं धनुष्य आणि एक लांब बाण घ्या. बाणावर खाचेपासून एकेका इंचाला पेनने खुणा करा. मुलगी दोरी ओठाच्या कोपऱ्यापर्यंत सहज आणेल तेव्हा दुसरीने बाजूला उभं राहून बघायचं, मुठीपाशी कितवी खूण आली. समोर उभं राहायचं नाही, कधीच नाही. तीनदा बघायचं. तीनही वेळा एकच आकडा आला की ती तिची ओढ. बघून झालं की दोरी हळूहळू परत पुढे न्यायची. बाण नसताना दोरी तशीच सोडायची नाही. बाण नसला की सगळी साठवण धनुष्याच्याच अंगावर येते आणि ते तडकतं.

आखूड बाणाचा धोका

आता जे सांगते ते नीट ऐका, कारण इथे आमच्याकडे थोडक्यात निभावलं.

माप कळल्यावर आम्ही पुतणीसाठी सव्वीस इंचांचे बाण करून घेतले. एका संध्याकाळी ती उंच मुलगी आली आणि तेच बाण घेऊन सराव करू लागली. तिची ओढ साडेसव्वीस. तिने पूर्ण ओढलं, आणि बाणाचं टोक मुठीच्या मागे येऊन आतल्या बाजूला घसरलं. टोक तिच्या डाव्या हाताच्या रोखाने होतं आणि दोरी ताणलेली होती. त्या क्षणी दोरी सुटली असती तर बाण तिच्या हातात घुसला असता. पोरगी हुशार, तिने दोरी सोडली नाही, हळूच पुढे आणली. मी ओट्यावरून बघत होते. माझे पाय थरथरत होते.

म्हणून नियम पक्का करा. बाण ओढीपेक्षा एक-दोन इंच लांबच हवा. शिकणाऱ्या आणि वाढत्या वयाच्या मुलींसाठी दोन-तीन इंच लांब ठेवा. माप खाचेपासून टोकाच्या आधीपर्यंतच्या काडीचं घ्यायचं. लांब बाण थोडा जड आणि थोडा सावकाश जाईल, त्याने बिघडत नाही. फक्त लांब आहे म्हणून तो टोकापर्यंत ओढायचा नाही. ओढ हाताने ठरते, बाणाने ठरत नाही. पुतण्याचा आणि माझा सगळा गोंधळ इथेच झाला होता.

रोज तीच ओढ

माप कळलं, धनुष्य मिळालं, आता शेवटची गोष्ट. ती ओढ प्रत्येक बाणाला सारखी हवी.

स्वयंपाकात मीठ एकदा चिमूटभर आणि एकदा मूठभर टाकलं तर भाजीची चव रोज वेगळी येते. तसंच इथे. चोवीस इंच ओढणारी मुलगी दमून तेवीस इंचांवर सोडायला लागली, तर साठवण दहाव्या हिश्श्याहून जास्त कमी होते. हलक्या बांबूच्या धनुष्याने वीस मीटरवर तो बाण साधारण वीतभर खाली लागतो. तीस मीटरवर तेच हातभर होतं. मुलगी म्हणते, "काकू, मी तर मधोमध नेम धरला होता." नेम खराच धरलेला असतो, ओढ एका इंचाने कमी पडलेली असते.

म्हणून दोरी थांबवायची जागा ठरवून घ्यायची. बोट ओठाच्या कोपऱ्याला लागलं, की ओढ पूर्ण. रोज तीच जागा. बाण खाली लागायला लागले की आधी नेम बदलायचा नाही, आधी मुलगी दमली का ते बघायचं. दमली असेल तर थांबायचं. आणि रोजच ती जागा गाठता येत नसेल, थांबताना हात थरथरत असेल, तर धनुष्य जड आहे. कमी पौंडांचं घ्या. हलकं धनुष्य पूर्ण ओढलेलं, जड धनुष्य अर्धवट ओढण्यापेक्षा केव्हाही बरं. कमी ताकदीचं आखूड धनुष्य कमी ओढीतही पुरतं वाकतं, आणि त्याचं स्वतःचं वजन कमी असल्यामुळे बाणाला चपळाईने ढकलतं.

झारखंडची दीपिका कुमारी लहानपणी घरी केलेल्या बांबूच्या धनुष्यावर हात बसवायची. पुढे २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दोन सुवर्णपदकं घेतली. सुरुवात महाग सामानाने व्हावी लागत नाही. पण ती आपल्या हाताच्या मापाने झाली, तर पोर टिकते.

गटाने काय करावं

आमच्या गटाने आधी ठरवलं होतं, एकाच मापाची पाच धनुष्यं घ्यायची. माप घेतल्यावर ठराव बदलला. आता तीन लांब्यांची धनुष्यं घेतली आणि सगळी कमी पौंडांची. ज्यांची ओढ जवळजवळ सारखी, त्या मुली एक धनुष्य वाटून घेतात. बाणांच्या खाचेपाशी रंगीत दोरा गुंडाळलाय. लाल दोरा सव्वीस इंच, हिरवा अठ्ठावीस, पिवळा तीस. प्रत्येक मुलीला तिचा रंग पाठ आहे. कमी मापाच्या रंगाला हात लावायचा नाही, हा नियम भिंतीवर लिहिलाय.

गटाच्या वहीत एक पान मुलींसाठी काढलंय. नाव, तारीख, पसरलेल्या हातांचं माप, ओढ, बाणाचा रंग. दर तीन महिन्यांनी पुन्हा टेप लावतो, कारण या वयात पोरी झपाट्याने वाढतात. जूनमध्ये बरोबर असलेला बाण दिवाळीला आखूड पडू शकतो.

सरावाला येताना ओढणी घट्ट बांधायची, वेणी मागे टाकायची, गळ्यातलं आत घालायचं, नाहीतर दोरीत अडकतं. डाव्या हाताला आर्मगार्ड आणि उजव्या बोटांना चामड्याची पट्टी हवीच. पट्टी जुन्या चपलेच्या मऊ चामड्याची मी स्वतः शिवून देते. निशाणामागे मातीचा उंच बांध किंवा गवताची गंजी असावी, आणि बाण आणायला सगळ्या जणींनी एकदमच जायचं.

पुतणीचं सांगायचं राहिलं. नव्या धनुष्यावर तिचा हात पुन्हा काळानिळा झाला नाही. गेल्या रविवारी तिने पंधरा मीटरवरून सहा बाण सोडले, पाच निशाणावर लागले. घरी येऊन तिने मला विचारलं, "काकू, ताकद आली का गं माझ्यात?" मी म्हटलं, "ताकद होतीच बाळा, माप नव्हतं." मग मीही पदर खोचला आणि एक बाण सोडून बघितला. तो निशाणाच्या बाजूने गेला आणि बांधात शिरला. पोरी पोट धरून हसल्या.

तुमच्या गटात मुली तीरकमठा शिकत असतील, तर या आठवड्याच्या बैठकीला येताना एक टेप घेऊन या. सगळ्यांची मापं घ्या, आपलीही घ्या, आणि वहीत लिहा. काही अडलं तर केंद्रावर फोन करून विचारा. जे मला माहीत नसेल ते मी सरांना विचारून पुढच्या वेळी सांगेन.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.